शिडाच्या जनावराची चाल

वामनरावांनी उपरण्याचं टोक नाकाशी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं पुस्तक रहेमतुल्ला खाटकापुढं उघडलं. त्याचा हात पुस्तकाला लागू नये, म्हणून ते स्वतःच धरून उभे राहिले. खामगावात जन्म गेला, पण या गल्लीत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. टांगलेल्या बकऱ्यावरच्या माशा उठून त्यांच्या ओठांवर बसत होत्या. शी!

पण अडला हरी! उद्या नागपूरचे इन्स्पेक्टर शाळेत यायचे होते. धडा रंगला तर नोकरी कायम, नाहीतर चार वर्षांची मास्तरकी पाण्यात. धड्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याचं जनावर केलं होतं. माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधीचं, मांसखाऊ, पाठीवर होडीच्या शिडासारखा पडदा. दोरी ओढली की ते चालायला हवं होतं, आणि मेलं तोंडावर पडत होतं. पुस्तकात नुसता सांगाडा होता, चालीबद्दल अक्षर नव्हतं.

"पाय बैलासारखे सरळ खाली लावलेत मी," ते उपरण्याआडून म्हणाले.

"म्हणूनच पडते, मास्तर. याच्या खुब्याची वाटी पाहा ना, बाजूले उघडते. टांगा घोरपडीसारख्या आडव्या निंगतीन. अन् अंग इकडून तिकडं वळवत चालन हे."

त्यानं बकऱ्याचा खुबा सोडवून पुढं केला. "बकऱ्याची वाटी खाली उघडते. तिच्यात बोट घाला, म्हणजे फरक समजन."

वामनरावांनी डोळे मिटून बोट घातलं. गार, बुळबुळीत. हाड आत फिरलं, तसे ते धावत नालीवर जाऊन ओकले. रहेमतुल्लानं पाण्याचा तांब्या आणला. तो त्यांनी घेतला नाही.

"उद्या पाहाले येऊ काय, तुमचं जनावर?"

"या," सुटका व्हावी म्हणून ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जनावर चाललं. कोपरं बाहेर काढून, शीड डोलवत, असं किळसवाणं चाललं की पहिल्या बाकावरची पोरं मागं सरकली. इन्स्पेक्टर खूश होऊन उठले.

"वा! ही चाल कुठं मिळाली तुम्हाला?"

दारात रहेमतुल्ला उभा होता. धुतलेला कुर्ता, कानात अत्तराचा फाया. हेडमास्तर त्याच्याकडं कपाळाला आठ्या घालून पाहत होते.

"पुस्तकात वाचली, साहेब," वामनराव म्हणाले.

इन्स्पेक्टर दाराकडं वळले. "आपण कोण?"

"मी खाटीक, साहेब. जनावर पाहाले आलो." रहेमतुल्लानं वामनरावांकडं पाहिलं. "मास्तर लय वाचतेत."

वामनरावांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी घाईनं पुन्हा दोरी ओढली आणि सगळे जनावराकडं पाहू लागले.