एकतिसावी माशी

तेंदूची पानं.
नवी पेठेतल्या दुकानातली सगळ्यांत बारीक सुई.
माढ्याची फुललेली करडई.
खोटी शीर.
जेवणाचा डबा, झाकणासकट.

आता क्रमाने.

साक्षी दोन वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या फुलमाश्यांच्या जाती नोंदवत होती. या माश्या मधमाशीचं सोंग घेतात, हवेत एका जागी थांबतात, डंख मारत नाहीत. तीस जाती झाल्या. एकतिसावी माढ्याला करडईवर मिळाली. एकच. आणि गडबडीत साक्षीने ती पंख मिटलेलीच वाळू दिली.

"नवीन असेलही," तिचे मार्गदर्शक चिंतामणी सर म्हणाले. "पण पंखाच्या शिरा पाहिल्याशिवाय जात कशी ठरवू? परवा यादी छापायला जाते. तीसच लिही."

घरी तिने सुईने पंख उचलायला घेतला. तो करकरला. हात थांबला.

तिची आई विठाबाई दारात विड्या वळत होती. सुपातल्या तेंदूच्या पानांवरून मान वर न करता म्हणाली, "वाळल्या पानाला कोन हात लावतं? मोडनार की."

"आई, ही माशी हाय."

"मंग? येमेस्सी झालीस, अन् येवढं कळंना? आदी वल्या फडक्यात दडपायचं. रातभर. मग वळायचं."

"बुरशी आली तर?"

"माज्या पानाला कदी आली व्हय? फडकं पिळून घे. पानी न्हाय, नुस्ती वल."

डब्यात पिळलेलं फडकं. त्यावर वाटी, वाटीत माशी. झाकण घट्ट.

सकाळी सुई विठाबाईनेच घेतली. चाळीस वर्षं विड्यांची तोंडं मिटत आलेली बोटं. पंख उघडला, आवाज न करता.

प्रयोगशाळेत भिंगाखाली सरांना आधी ती शीर दिसली, मधोमध, कुठेच न जुळणारी. सगळ्या फुलमाश्यांना असते, तिला खोटी म्हणतात. मग बाकीच्या, एकेक स्वच्छ. सरांनी त्या आधीच्या तीस जातींशी ताडून पाहिल्या.

"आधीच्या तिसांत ही नाही. पंख कुणी उघडला?"

"आईनं. विड्या वळते ती, सर."

सरांनी यादीत एकतीस आकडा घातला. साक्षीने पेन मागून घेतलं आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं: पंख उघडणारी, विठाबाई ईश्वर सरवदे, विडी कामगार, सोलापूर.

घरी वाचून दाखवलं.

"माजं नाव माशीच्या खाली हाय का वर?"

"शेजारी."

"मंग ऱ्हाऊ दे," विठाबाई म्हणाली, आणि पदराने हात पुसून पुन्हा एकदा वाचायला लावलं.

साक्षीने त्याच ओळीतली पुढची नोंदही वाचली: माशी जाळीत आली तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजले होते आणि वारा पडलेला होता.