कोंबडीचा सत्कार

विकास आमच्या गावात चुन्याच्या फक्कीतून आला. एका संस्थेच्या बाईंनी शाळेच्या अंगणात आमचाच गाव आमच्याकडून काढून घेतला. इकडे वरची आळी, मधे ओढा, ओढ्यापलीकडे खालची वस्ती. मग म्हणाल्या, "गावाला आधी काय हवं ते गावानेच ठरवायचं. आम्ही फक्त बघणार." तेवढं मात्र खरं बोलल्या. शेवटपर्यंत त्यांनी फक्त बघितलं.

मतं दोन चित्रांवर द्यायची होती. एक ओढा ओलांडायच्या साकवाचं, दुसरं सभागृहाचं. माणशी मक्याचा एक दाणा. ज्याला जे हवं, त्यावर ठेवायचा.

खालच्या वस्तीत माझी थोरली बहीण राहते. मतांच्या आदल्या पावसाळ्यात दाजी ओढ्यात घसरले, मांडीचं हाड मोडलं. पाणी उतरेपर्यंत दोन दिवस घरातच विव्हळत पडले. हाड जुळलं ते वाकडं. तेव्हापासून पावसाळाभर दुधाची किटली डोक्यावर घेऊन ताईच कमरेएवढ्या पाण्यातून येते. तिला साकव हवा होता. दुसरं काही तिने आयुष्यात गावाकडे मागितलेलं नाही.

त्या दिवशी वस्तीची माणसं सकाळीच आली, कारण पुढे खुरपणीला जायचं होतं. ऐंशी जणांनी ऐंशी दाणे साकवावर ठेवले आणि गेले. वरची आळी चहा पिऊन, पेपर वाचून सावकाश आली. तोवर मका संपला होता. विकास समितीच्या अध्यक्षांना गाव माइकराव म्हणतो, हातातला माइक सोडत नाहीत म्हणून. ते म्हणाले, "खडे घ्या हो, काय फरक पडतो?" खडे सभागृहावर पडले. बाईंनी फोटो काढला आणि सगळे वर्गात जेवायला बसले.

मी गवंडी. शाळेची फुटकी पायरी दुरुस्त करत बाहेरच होतो.

शिपायाच्या कोंबड्या आल्या. चुन्यावर पाय उमटवत थेट साकवाकडे गेल्या आणि टिपायला लागल्या. खरं सांगतो, आधी मला हसूच आलं. मग थापी खाली ठेवून त्यांना हाकलायला उठणार, तेवढ्यात हात धुवायला माइकराव दारात आले. त्यांनी कोंबड्या पाहिल्या. मग मला पाहिलं.

"सभागृह झालं तर काम बाहेरच्या गवंड्याला कशाला द्यायचं, नाही का?" असं म्हणून टॉवेलला हात पुसत आत गेले.

मी पायरीला गिलावा करत राहिलो.

जेवणानंतर मोजणी झाली. साकव अकरा, सभागृह चौसष्ट. टाळ्या.

पुढच्या बैठकीला ताई आली, ओल्या लुगड्यानेच. मोजणीच्या संध्याकाळी घरी जाताना तिने चुन्यावरचे कोंबड्यांचे पाय पाहिले होते. "आम्ही ऐंशी जण होतो. अकरा कसे झालो?"

बाई गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, प्रक्रिया लोकांचीच होती ना?"

"लोकांची होती. कोंबड्या कोणाच्या होत्या?"

हशा पिकला. माइकराव माइकवरच हसले. "आता मुक्या जिवावर आळ घेता का, वहिनी?"

"मग माझ्या भावाला विचारा. तो तिथेच होता."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ताईच्या डोळ्यांत चिंतासुद्धा नव्हती, एवढी तिला माझी खात्री होती.

"मी कामात होतो," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

सहा महिने मी सभागृह बांधलं. बांधकाम चोख आहे, भिंत ओळंब्यात आहे, नाव ठेवायला जागा नाही. पुढच्या पावसाळ्यात उद्‌घाटनाला मोठी माणसं आली. भिंतीवर बाईंनी काढलेला तो फोटो मोठा करून लावला होता, खाली सुबक अक्षरांत 'गावाचा निर्णय, गावाच्या हाताने.' फोटोत साकवावर मक्याचा हा एवढा ढीग. शेजारी सभागृहावर खडे, मोजले तर त्याहून कमीच. कोणालाही दिसेल असं. त्याच्याखाली उभं राहून सगळे फोटो काढून घेत होते.

सत्कार सुरू झाले आणि ताई आत आली. काखेत कोंबडी. कोंबडी तिने पुढच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

"हिचा राहिला सत्कार. सभागृह हिने दिलं गावाला."

कोणी हसलं नाही. माइकरावांनी माइक तोंडाजवळ नेला आणि पहिल्यांदाच तो खाली ठेवला. ताईने फोटोवर बोट ठेवलं. "हा आमचा ढीग. डोळे असतील तर मोजा."

"कार्यक्रमानंतर बोलू हं, ताई," बाई म्हणाल्या.

ताई माझ्याकडे वळली. मी नव्या शर्टात, छातीला बिल्ला लावून तिसऱ्या रांगेत होतो. वाटलं, आता शिव्या देईल. तिने आवाजही चढवला नाही.

"कोंबडीने भुकेने टिपले रे," ती म्हणाली. "तुझ्या ताटात काय कमी होतं?"

आणि गेली. ओढ्याला तेव्हा पाणी होतं. दाराशी उभा राहिलो असतो तर ती उतरताना दिसली असती. मी उभा राहिलो नाही.

कोंबडी भेदरून खुर्चीवरून उडाली आणि पाहुण्यांच्या पायाशी घाण करून गेली. माइकरावांनी माइक पुन्हा उचलला. "अरे गवंडी, बघतोस काय? पूस ते!"

मी फडकं आणून गुडघ्यावर बसलो. फरशी मीच बसवली होती. डाग लगेच निघाला.