काचेवर काच

दादा वस्तू जपायचा ती तळहातावरच्या फोडासारखी. घरचा सोफा आतून कुजला, पण त्यावरचं प्लास्टिक काही निघालं नाही. धाकटीने तेही सोसलं. पण फोटोच्या धंद्यात बहीणभाऊ भागीदार होते, आणि लेन्सला जपायला वर सदा फिल्टरची काच हवीच, या दादाच्या हट्टाने तिच्या नाकी नऊ आले होते.

मागच्या नाटकाच्या फोटोंत नायिकेच्या कपाळावर हिरवे ठिपके उमटले होते. समोरच्या दिव्यांचा उजेड त्या स्वस्त काचेत अडकला, दुसरं काय. नाटक बसवणारे मास्तर म्हणाले, "बाईंना कांजिण्या झाल्यात का? पुन्हा असं झालं तर मी दुसरा फोटोग्राफर बघेन."

मग धाकटीने तडजोड केली. ठिपके न पाडणारा भारीतला फिल्टर आणला.

आज नव्या नाटकाची रंगीत तालीम. तिने पहिला फोटो काढून कॅमेऱ्यात पाहिला. कपाळावर हिरवे ठिपके, जसेच्या तसे.

"दादा, लेन्सला हात लावलास?"

"छे. फक्त नव्या काचेवर जुनी बसवली."

"का?"

"नवी महागाची आहे गं. ओरखडा पडला म्हणजे?"

धाकटीने क्षणभर डोळे मिटले. "मग वर झाकणही लाव की. कशालाच धोका नको."

"होतं लावलेलं. मघाशी मीच काढलं."

तिने जुनी काच फिरवून पाहिली. हलेना. दादाने ती पडू नये म्हणून सगळा जोर लावून आवळली होती.

"अहो, दिवे किती वेळ तापवायचे?" मास्तर रंगमंचावरून म्हणाले.

धाकटीने केसांचं रबर सोडलं, काचेच्या कडेभोवती ताणून बसवलं आणि दात-ओठ खात पिळलं. दोन्ही काचा एकमेकींना धरूनच निघाल्या. लेन्स उघडी पडली. सुई टोचताना फिरवतात तसं दादाने तोंड फिरवलं.

ती फोटो काढत गेली. मास्तरांनी खाली येऊन कॅमेऱ्यात पाहिलं. कपाळ स्वच्छ होतं.

"हाच पोस्टरवर घेऊ," ते म्हणाले. "पुढच्या नाटकालाही तुम्हीच या."

दादा रुमालात गुंडाळलेल्या काचा छातीशी धरून उभा होता. "यांना एक डबी आण गं. अशा उघड्या राहिल्या तर चरे पडतील."

"आणि डबीला?" केस बांधत धाकटीने विचारलं.

दादा खरंच विचारात पडला.