बेटावरचा राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. चिलोए या मोठ्या बेटाजवळच्या एका लहान बेटावर, दवाखान्याच्या भिंतीवर मी राहतो. बेटाबाहेर जाणारे-येणारे सगळे माझ्यातून जाते: शाळेचे चित्रपट, कोळ्यांचे फोटो आणि परिचारिका एदुविना हिचे कास्त्रो शहरातल्या डॉक्टरांशी बोलणे.

मला बसवले त्या दिवशी लोक मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या गरम भाकऱ्या, खात माझे हिरवे दिवे पाहायला जमले होते. पुढे त्याच लोकांनी मला शिव्या दिल्या. कारखान्यात मला एवढेच सांगितले होते की, येईल त्याला रांगेत उभे कर आणि कुणालाही टाकून देऊ नकोस. मी इमानाने तेच करत राहिलो. रांग वाढत गेली आणि डॉक्टरांचा आवाज चित्रपटांच्या मागे तिष्ठत राहू लागला.

एका वादळी सकाळी म्हातारा नोल्बेर्तो नातीला उचलून घेऊन आला. पोरीला धाप लागली होती. होडी सोडणे शक्य नव्हते.

एदुविनाने पडद्याकडे पाहून विचारले, "डॉक्टर, पुन्हा वाफ देऊ?" उत्तर आले नाही. "की थांबू?" तेवढ्यात आवाज आला, "हो."

"कशाला हो म्हणाले?" नोल्बेर्तो कासावीस झाला.

"तेच कळत नाही, काका. सगळं उशिरा पोचतंय."

ती पडद्याजवळ सरकली. मग सावकाश म्हणाली, "डॉक्टर, एकच विचारते, उत्तर येईपर्यंत बोलणार नाही. वाफ देऊ?"

ती वाट पाहत राहिली. पोरीचे ओठ निळसर होऊ लागले. अखेर आवाज आला, "द्या, आत्ता द्या."

पोरगी वाचली. मला मात्र माझीच लाज वाटली.

वादळ ओसरल्यावर मारिसेल नावाची तंत्रज्ञ आली.

"हा डबा समुद्रात फेक, पोरी," नोल्बेर्तो म्हणाला.

"डब्याचा काय दोष, आजोबा? त्याला जे सांगितलं तेच तो करतोय."

तिने माझ्यातल्या सूचना बदलल्या. बोलणे आधी पुढे पाठवायचे, चित्रपट मागून. रांग लांबली की जास्तीचे टाकून द्यायचे, म्हणजे पाठवणारा आपला वेग कमी करतो आणि राहिलेले पुन्हा पाठवतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोरीला विचारले, "झोप लागली का गं?"

"लागली, पण आजोबांच्या घोरण्याने जाग आली."

डॉक्टर हसले आणि ते हसणे त्याच क्षणी दवाखान्यात ऐकू आले. नोल्बेर्तोने माझ्यावरची धूळ बाहीने पुसली.

मित्रांनो, एखादे यंत्र अडखळले तर फेकण्याआधी त्याला काय सांगून ठेवले आहे, ते एकदा पाहा. मारिसेलने माझ्यासाठी तेवढा वेळ काढला. तिचे उपकार मी विसरणार नाही.