जानकीबाईंची करंगळी

“अनु, त्या मालिशवाल्या बाईवर नजर ठेव,” शेजारच्या क्लॅरिसनं बजावलं होतं. “उकळतं पातेलं नुसत्या हातानं उतरवते. कपाळावर आठीसुद्धा नाही. बरं लक्षण नाही गं ते.”

“तुला चिमटा धरूनही चटके बसतात, म्हणून जळतेस,” अनुपमानं ते हसण्यावारी नेलं. दोन महिन्यांच्या बाळाचा श्वास ती झोपेतही मोजायची, पण त्याला न्हाऊ घालणाऱ्या जानकीबाईंच्या हातांवर तिचा पुरता भरवसा होता.

एका सकाळी जानकीबाईंनी बादलीत हात फिरवला. “बेताचा हा पाणी,” म्हणाल्या. बाळ त्यांच्या पसरल्या पायांवर होतं. पहिला तांब्या ओतला आणि त्यांच्याच नडगीला चटका बसला. बाळाला उचलेपर्यंत त्याची टाच लाल झाली होती.

टाचेवर गार पाणी घालून बाळ शांत झाल्यावर अनुपमानं त्यांचा हात ओढून पाहिला. करंगळी जराशी आखडलेली, मनगटावर फिकट चट्टा.

“डोळे मिटा. बोटाला काडी टेकली की सांगा.”

“लाव गो आधी.”

तिची तीनदा लावून झाली होती.

बी.एस्सी.ला तिनं मज्जातंतूची आकृती काढली होती. तंतूभोवती गुंडाळलेल्या, त्याला जपणाऱ्या पेशी, श्वान नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या. कुष्ठरोगाचा जंतू त्याच पेशींत घर करतो, मग आतला तंतू मुकाट मरतो, असं सर म्हणाले होते. परीक्षेपुरतं लक्षात ठेवलेलं ते वाक्य आता आठवलं, आणि बाळाला नि जानकीबाईंना घेऊन तिनं दवाखाना गाठला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेच निदान केलं. बाळाच्या अंगावर काही नव्हतं. “गोळ्या फुकट आहेत. सुरू झाल्या की हिच्यापासून कुणाला धोका नाही. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, पण उरलेला हात वाचेल. मात्र खंड नको.”

“माझी कामाची घरां सुटतली,” जानकीबाई एवढंच पुटपुटल्या.

आणि चाळीच्या जिन्यात, चार बायकांदेखत, अनुपमा त्यांना बोलून गेली, “उद्यापासून नका येऊ. हा असला रोग, नि घरात तान्हं बाळ.”

पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला जानकीबाई गेल्याच नाहीत, असं दवाखान्यातून कळलं. आठवड्यानं अनुपमा दिंडोशीला त्यांच्या घरी गेली, तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, “गेली कुठेतरी. लोक बोलायला लागले ना.”

तेव्हापासून भेटेल त्याला अनुपमा एकच सांगते, तुम्हालाही तेच सांगणं आहे. तुमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला कुणी मालवणी बोलणारी, करंगळी आखडलेली बाई येत असेल, तर पाणी तुम्ही बघा, पण तिला दारातून परतवू नका. तिचा हात हातात घ्या. गोळ्या घेते का, तेवढं विचारा.