कापसाचे बोळे आणि न उलटलेले पान

मी एक जुना प्रबंध आहे. धुळकट म्हणा, थेरडा म्हणा, चालेल. पण मित्रांनो, मी जे बोललोच नाही ते माझ्या तोंडी घातलेत, तर माझ्याशी गाठ आहे!

एखाद्या प्रश्नाचा कोणी वर्षानुवर्षे पिच्छा पुरवतो आणि सापडलेले उत्तर पुठ्ठ्यात बांधून ग्रंथालयात ठेवतो, त्याला प्रबंध म्हणतात. मला लिहिणाऱ्या बाई कानांच्या डॉक्टर होत्या. कापड गिरणीतले कामगार मागांच्या खडखडाटात कानात कापसाचे बोळे घालत. त्याने कान वाचतात का, एवढाच बाईंचा प्रश्न होता. त्यांनी गिरणीत उभे राहून एकेकाचे कान तपासले. मग मला टंकलेखकाने कागदावर उतरवले आणि बांधणीवाल्याने लाल कापडाची पाठ दिली. परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केले. तेव्हा माझी ऐट काय वर्णावी!

आता माझे दुखणे ऐका. माझ्या एका पानाच्या तळाशी लिहिले आहे, 'कापसाच्या बोळ्यांनी कानांचे पुरेसे रक्षण होते'. पान उलटले की पुढे आहे, 'असे गिरणीचालक सांगतात. आमच्या तपासणीत ते खोटे ठरले.' एक घाईचे गृहस्थ आले आणि तेवढ्या एका पानाची झेरॉक्स काढून गेले. त्यांनी आपल्या प्रबंधात ठोकून दिले की कापसाने कान वाचतात, असे मी म्हणतो.

प्रत्येक प्रबंधात, आपल्याआधी कोणी काय शोधले याचा आढावा घ्यावा लागतो. पुढच्याने त्या गृहस्थांच्या आढाव्यातून माझे नाव उचलले आणि त्याच्या पुढच्याने त्याच्याकडून. गृहस्थांनी पानाचा क्रमांकही चुकीचा दिला होता. तोही सगळ्यांनी इमानेइतबारे उतरवला. त्या पानावर माझ्याकडे नुसता गिरणीचा नकाशा आहे! दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारी ही मंडळी माझ्या नावाचा डंका पिटत होती आणि मी कपाटात धुमसत होतो. माझे नाव पुढे करून गिरण्याही कापूसच वाटत राहिल्या.

मग स्वतःचा प्रबंध लिहिणारी एक मुलगी आली. तिची आई गिरणीत मागावर कामाला होती. मला हे कसे कळले? मुलगी फोनवर आईशी बोलायची आणि सगळे ग्रंथालय ऐकायचे. "आई, गिरणीतून आलीस? जेवलीस का? अगं, जेवलीस का!" लोक वळून बघायचे, पण ती काही आवाज कमी करायची नाही.

तिने मला काढले, सगळ्यांनी सांगितलेले पान उघडले, तर समोर नकाशा. दुसऱ्या कोणी मला मिटून ठेवले असते. ती मात्र खरे पान सापडेपर्यंत वाचत राहिली आणि सापडल्यावर तिने ते उलटले. मग ती तडक आपल्या मार्गदर्शक सरांना घेऊन आली.

सर म्हणाले, "अगं, तू आढावा लिहितेयस, भांडण नाही. सगळ्यांनी असंच लिहिलंय."

"सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलंय, सर."

"त्या सगळ्यांत मीही आहे, माहितेय ना? प्रबंध अडकेल तुझा."

"अडकू दे. हाच कापूस घालून माझी आई बहिरी झाली. तिला काय ओरडून सांगू, कापूस चांगला असतो म्हणून?"

सरांनी मला हातात घेतले, आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांनी वाचले, पान उलटले आणि पुन्हा मागचे पान वाचले. शेवटी हळूच म्हणाले, "निदान माझं नाव तरी घालू नकोस."

"घालावं लागेल, सर. आढावा आहे."

शाब्बास पोरी! मला हात असते तर टाळ्या पिटल्या असत्या. सरांनी आढाव्याचे प्रकरण परत पाठवले, तिने जसेच्या तसे पुन्हा दिले. त्यांनी पुन्हा पाठवले, तिने पुन्हा दिले. अखेर सरांनी सही केली आणि त्यांचे नाव आढाव्यात जिथल्या तिथे राहिले.

आता तिचा प्रबंध माझ्या शेजारी उभा आहे. तो ठेवला गेला त्या दिवशी ती आईला गिरणीतून थेट इथे घेऊन आली. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. त्या पाटीखाली उभी राहून तिने माझे ते वाक्य आईच्या कानाशी ओरडून वाचले, पान उलटून, अगदी शेवटपर्यंत. आईने माझ्या लाल पाठीवरून हात फिरवला.

"इतकी वर्षं हे इथंच होतं?" तिने विचारले.

मुलीने मान डोलावली. आईने गिरणीतून तसेच कानात राहिलेले बोळे काढून टेबलावर ठेवले.

"मग हे गिरणीत कोण वाचून दाखवणार? चल, ह्या दोन्ही पानांची झेरॉक्स काढ."

मित्रांनो, मला नवे पुठ्ठे नकोत, माझी धूळही झटकू नका. माझे नाव घ्यायचे असेल तर आधी मला उघडा, आणि तळाशी पोचलात की थांबू नका. उलटा ते पान!