कागद कोणाचो?

डॉ. स्टेला आल्मेडांनी दिवा जवळ ओढला आणि पुन्हा एकदा वाकून पाहिलं. टेबलावर निजलेल्या यशोदेने पाय आवळून घेतले.

"सैल सोड गो. श्वास घे जरा."

जी गर्भपिशवी गेल्या वर्षी गोव्यात काढून टाकली होती, ती जागच्या जागी होती. तिच्या तोंडाशी मांसाचा खडबडीत कोंब वाढला होता. कापसाचा बोळा लागताच त्यातून रक्त आलं.

"यशोदा, तुझा ऑपरेशन खंय केल्यानी?"

"कसला ऑपरेशन?"

स्टेलाबाईंनी हातमोजे उतरवले. उतरवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

शिरोड्यात त्यांचा दवाखाना बावीस वर्षं होता. दीड वर्षापूर्वी त्यांनी वालावलला बायकांसाठी तपासणी शिबिर घेतलं होतं. गावातल्या आशा कार्यकर्त्या हौसाबाई घरोघर फिरल्या आणि एकशे बारा बायका आल्या. त्यातल्या एकोणीस जणींना पुढचे उपचार हवे होते, यशोदा त्यांतली एक. कॅन्सर नव्हता, पण उद्या होऊ शकेल असे डाग होते. वेळेवर जाळून टाकले तर अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी. रिपोर्ट न्यायला तिचा नवरा सत्यवान आला, कारण यशोदा भातलावणीत होती. बाईंनी त्याला पाऊण तास समोर बसवून सगळं समजावलं. मग दोनदा फोन केला. नंबर त्याचाच होता. पहिल्यांदा तो म्हणाला, "गोव्याक नेतंय." दुसऱ्यांदा म्हणाला, "थंयच्या डॉक्टरान पिशवीच काढल्यान. बरी आसा आता."

इतकं कशाला केलं, असं बाईंना वाटलं होतं. पण बायकोसाठी एवढी धावपळ करणारा नवरा त्यांना विरळाच भेटे. पुढे कितीतरी घरांत त्यांनी त्याचं उदाहरण दिलं होतं. 'वालावलच्या सत्यवानासारखो घोव व्हयो.'

रक्त जाणं थांबेना म्हणून आज तोच तिला घेऊन आला होता. त्यांनी दार उघडून त्याला आत बोलावलं. यशोदा पडद्यामागे लुगडं सारखं करत होती.

"सत्यवान, तुम्ही मला फोनवर काय सांगितलं होतं?" रागावल्या की बाई मालवणी सोडून शुद्ध मराठीत बोलत.

त्याने टोपी काढली. ती हातात फिरवत तो फरशीकडे पाहत राहिला.

"माझ्या आवशीक ह्याच झालेला, बाई. कागद इलो, आमी तिका सांगलंव, आणि तिना जेवण सोडल्यान. तीन म्हयन्यांत गेली. म्हणान हिका सांगूक नाय. देवाकडे गाऱ्हाणा घातलंय. दर अमावास्येक नारळ ठेवतंय."

"आणि मला?"

"तुमी परत परत फोन करीत होतात."

पडदा सरकला.

"कसलो कागद?" यशोदेने विचारलं.

सत्यवानाने बाईंकडे पाहिलं. मग बाईंनीच सांगितलं, तिच्या बोलीत, काही न लपवता. तेव्हा काय होतं, आता काय झालं आहे. यशोदेने ते उभ्यानेच ऐकलं. एक हात टेबलाच्या कडेवर होता.

"दीड वर्सा," ती म्हणाली. "दीड वर्सा ह्येंका म्हायत होता. माझ्या हातचा जेवत होते. कंबर दुकता म्हटलंय, तर बाम हाडून दिल्यानी. स्वताच्या हातान चोळल्यानी."

"भियालंय गो मी," सत्यवान म्हणाला आणि रडायला लागला.

ती त्याच्याकडे वळली नाही. बाईंकडे वळली.

"बाई, तो कागद कोणाचो होतो?"

"तुझो."

"मगे ह्येंका कित्याक दिलात?"

भातलावणी होती. तू आली नव्हतीस. तुझ्याकडे फोन नव्हता. तो नवराच होता ना तुझा. सगळी उत्तरं बाईंच्या जिभेवर आली. त्यांनी ती एकेक करून मनात म्हणून पाहिली. त्यातलं एकही या बाईसमोर मोठ्याने म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"माझा चुकला," त्या म्हणाल्या.

यशोदेने मान हलवली नाही. चालायचंच, असंही ती म्हणाली नाही.

बाईंनी गोव्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि ओळ न् ओळ तिला वाचून दाखवली.

"माका बरा होतला मां?"

"होतला असा माका वाटता. पण आता ता अर्ध्या तासाचा काम रवला नाय. म्हयने लागतले."

चिठ्ठी घ्यायला सत्यवानाने सवयीने हात पुढे केला. यशोदेने ती घडी करून आपल्या पिशवीत ठेवली.

"तुमी घराकडे जावा. गुरां पाण्यावर न्हेवची आसत," ती त्याला म्हणाली. "सोमवारी मी हौसाबायक घेवन गोव्याक जातंय."

ती दोघं गेल्यावर बाईंनी शिबिराची वही काढली. एकोणीस नावं. चौदा नावांपुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: पतीकडे दिला, मुलाकडे दिला, दिराकडे दिला. आणि त्यापुढे: फोनवर कळल्याप्रमाणे उपचार झाले. बाहेर पेशंट खोळंबले होते. दुसरी बाई आत येऊन बसली तरी त्यांचं बोट त्या पानावरच होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवून त्या वालावलला गेल्या. वहीतल्या त्या चौदांतलं पहिलं घर लक्ष्मीचं. तिचा मुलगा लवू अंगणात नारळ सोलत बसला होता. बाईंना पाहून तो लगबगीने उठला.

"बाई, तुमी? आवस मळ्यात गेली हा. काय ता माझ्याकडे सांगा, मी सांगतंय तिका."

"कधी येतली?"

"तिन्हीसांज होतली. तुमी कित्याक थांबतास? माका सांगा मां."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. बाईंनी पायातल्या चपला काढल्या, पर्स मांडीवर घेतली आणि पडवीच्या कट्ट्यावर बसल्या.

"थांबतंय मी," त्या म्हणाल्या.